धूर, वय आणि प्रमाणपत्र : जुन्या वाहनांच्या प्रदूषण चाचणीचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : भिवंडी परिसर)

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात रस्ते वाहतुकीचा विचार बहुधा रस्त्यांची लांबी, वाहनांची संख्या आणि मालाचे टनेज या अंगांनी झालेला आहे. वाहनाच्या मागील नळीतून बाहेर पडणारा धूर हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. वास्तविक गेल्या चार दशकांत राज्यसंस्था, न्यायसंस्था आणि सामान्य वाहनधारक यांचा संबंध ज्या मोजक्या कागदांतून प्रत्यक्षात आला, त्यांत ‘पीयूसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणपत्राचा समावेश करावा लागेल. नवे वाहन घेणाऱ्यास हा कागद केवळ एक औपचारिकता वाटतो. पंधरा-वीस वर्षांची गाडी किंवा ट्रक बाळगणाऱ्याच्या दृष्टीने मात्र उद्या वाहन रस्त्यावर राहील की नाही, हा प्रश्न त्या कागदाशी जोडलेला असतो.

जुने वाहन धूर तपासणीत उत्तीर्ण होते म्हणजे नेमके काय होते, ही तपासणी कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत निर्माण झाली, आणि धूर मोजण्यापासून सुरू झालेला हा प्रवास वाहनाचे वय मोजण्यापर्यंत कसा पोहोचला, यांचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वाहनांच्या धुरावरील कायदेशीर नियंत्रणाचा विकासक्रम मांडणे.
२) जुन्या वाहनांच्या धूर तपासणीचे तांत्रिक स्वरूप आणि तिच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३) न्यायालयीन हस्तक्षेपानंतर ‘धूर’ या निकषाकडून ‘वय’ या निकषाकडे झालेल्या स्थित्यंतराची कारणमीमांसा करणे.
४) भिवंडीसारख्या मालवाहतुकीच्या शहराच्या संदर्भात या स्थित्यंतराचे मूल्यमापन करणे.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत अभ्यास मुख्यतः १९८८ ते २०२५ या कालखंडापुरता मर्यादित असून आवश्यक तेथे त्यापूर्वीच्या कायद्यांचा आधार घेतला आहे. अधिनियम, नियम आणि न्यायालयीन आदेश यांचे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने विवेचन केले आहे. ‘जुने वाहन’ या संज्ञेत कार्ब्युरेटरवर चालणारी पेट्रोल मोटार आणि यांत्रिक इंधनपंप असलेला डिझेल ट्रक किंवा टेम्पो ही वाहने प्रामुख्याने अभिप्रेत आहेत.

भिवंडी : जुन्या यंत्रांवर उभे राहिलेले शहर

कामवारी नदीच्या काठी वसलेली भिवंडी हे प्राचीन काळापासून व्यापारी मार्गावरील ठाणे होते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी ही ठिकाणे स्वराज्यात आणली, यावरून त्यांचे व्यापारी महत्त्व लक्षात येते. आधुनिक काळात हातमाग आणि पुढे यंत्रमाग यांनी या शहराला नवी ओळख दिली. मुंबईच्या कापड गिरण्यांनी काढून टाकलेले माग विकत घेऊन, त्यांची दुरुस्ती करून येथे उत्पादन सुरू झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपानंतर कापड उत्पादनाचा मोठा भाग यंत्रमागांकडे वळला आणि भिवंडीच्या विस्ताराला गती मिळाली. २००२ मध्ये भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांहून अधिक नोंदली गेली.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या ओळखीला दुसरी जोड मिळाली. मुंबई-आग्रा महामार्गाची जवळीक, तुलनेने स्वस्त जमीन आणि मुंबईच्या वेशीबाहेर माल ठेवल्याने जकात लांबणीवर टाकता येण्याची सोय, यांमुळे माणकोली, काल्हेर, दापोडे, पूर्णा, वळ, सोनाळे, पडघा या गावांच्या शेतजमिनींवर गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. परंतु तोवर गोदामांचे जाळे इतके विस्तारले होते की ते टिकून राहिले. सुताचे कोम, कापडाचे तागे आणि आता घरपोच सेवेच्या कंपन्यांची खोकी, हे सर्व शेवटी ट्रक-टेम्पोवरच चढते.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. ज्या शहराची भांडवल उभारणीच दुसऱ्याने टाकून दिलेल्या यंत्राच्या दुरुस्तीवर झाली, त्या शहरात जुने यंत्र म्हणजे निष्काळजीपणा, असे समीकरण मांडता येत नाही. जुना माग असो वा जुना टेम्पो, तो लहान उद्योजकाचे भांडवलच असतो. त्याच वेळी हेही तितकेच खरे की सायझिंगच्या बॉयलरचा धूर, रस्त्यावरची धूळ आणि वाहनांचा धूर यांचा एकत्रित भार याच शहरातील नागरिकांच्या फुप्फुसांवर पडतो. माग चालवणारा कामगार आणि गोदामात माल चढवणारा हमाल यांना बंद काचेच्या मोटारीचा आडोसा नसतो. त्यामुळे भिवंडीत हा प्रश्न ‘जुने वाहन विरुद्ध स्वच्छ हवा’ इतका सरळ राहत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना बहुधा एकाच आर्थिक स्तरातील माणसे उभी असलेली दिसतात.

धुराचा कायदा : निषेधापासून मापनापर्यंत

मुंबई इलाख्यात धुरावरील कायदेशीर नियंत्रणाचा आरंभ वाहनांपासून झालेला नाही. १९१२ च्या मुंबई धूर उपद्रव अधिनियमाचा रोख गिरण्या-कारखान्यांच्या भट्ट्यांकडे होता. धूर हा ‘उपद्रव’ आहे आणि तो रोखण्याचा अधिकार शासनाला आहे, हे तत्त्व मात्र त्यातून रुजले.

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ७० अन्वये वाहनांची रचना आणि देखभाल यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. धूर, दृश्य बाष्प, ठिणग्या, राख व तेल बाहेर पडणे या बाबी त्यात अंतर्भूत होत्या. अधिनियमाच्या पाठात मात्र कोणताही अंक नव्हता. धूर ‘फार’ आहे की नाही, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून होते. १९८१ च्या हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाच्या कलम २० ने वाहनांच्या उत्सर्जन मानकांची अंमलबजावणी नोंदणी अधिकाऱ्यांमार्फत करण्याची तरतूद केली. त्यामुळे प्रदूषणाचा प्रश्न आणि परिवहन खाते यांची कायदेशीर सांगड घातली गेली.

१९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ ने देशभरासाठी धुराला अंक दिला. पेट्रोलवरील चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ३ टक्क्यांपेक्षा, तर दुचाकी-तीनचाकीच्या धुरात ४.५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा घालण्यात आली. डिझेल वाहनाच्या धुराची अपारदर्शकता ६५ हार्ट्रिज एककांपर्यंत मान्य करण्यात आली. हार्ट्रिज मापनात शून्य म्हणजे पूर्ण स्वच्छ आणि १०० म्हणजे प्रकाश मुळीच आरपार न जाऊ देणारा धूर. प्रथम नोंदणीपासून एक वर्ष झाल्यानंतर प्रत्येक वाहनासोबत वैध प्रमाणपत्र असावे, हे बंधन त्याच नियमाच्या उपनियम ७ मध्ये आहे. मोटार वाहन निरीक्षकास किंवा पोलीस उपनिरीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यास संशयित वाहन तपासणीस पाठवण्याचा अधिकार नियम ११६ ने दिला.

ऐतिहासिकदृष्ट्या हा बदल महत्त्वाचा मानावा लागतो. धूर हा आता अधिकाऱ्याच्या मताचा विषय राहिला नाही. निदान तत्त्वतः तरी तो यंत्राने सिद्ध करण्याचा विषय झाला. वाहनधारकाला मिळालेले हे एक संरक्षणच होते, कारण अंकाशी वाद घालता येतो, मताशी घालता येत नाही.

१ ऑक्टोबर २००४ पासून या मर्यादा सुधारण्यात आल्या. पेट्रोल वाहनांसाठी हायड्रोकार्बनचे मोजमाप नव्याने आले. भारत स्टेज-२ पूर्वीच्या मोटारींसाठी कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के व हायड्रोकार्बन दर दशलक्ष भागांत १५०० अशी मर्यादा ठरली. भारत स्टेज-२ आणि त्यापुढील मोटारींसाठी ती अनुक्रमे ०.५ टक्के व ७५० झाली. म्हणजे जुन्या वाहनाकडून नव्या वाहनाइतकी अपेक्षा कायद्याने केली नाही. प्रत्येक वाहन त्याच्या जन्मकाळाच्या तंत्रज्ञानानुसार तोलले जाईल, हे न्याय्य तत्त्व या नियमात स्पष्टपणे दिसते. प्रमाणपत्राची मुदत साधारणपणे सहा महिने आणि भारत स्टेज-४ व त्यापुढील वाहनांसाठी एक वर्ष ठेवण्यात आली.

चाचणी काय मोजते आणि काय मोजत नाही

नव्या वाहनाच्या मान्यतेची चाचणी आणि रस्त्यावरील वाहनाची चाचणी या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) यांसारख्या संस्थांत नवी मोटार रोलरवर ठराविक वेगक्रमाने चालवली जाते आणि प्रत्येक किलोमीटरमागे किती ग्रॅम प्रदूषके बाहेर पडली, हे मोजले जाते. रस्त्याकडेच्या पीयूसी केंद्रात मोटार उभीच असते. इंजिन गरम करून, गिअर न टाकता, मंद गतीवर चालू ठेवले जाते. मागील नळीत सुमारे ३०० मिलिमीटर आत नलिका घालून वायूचा नमुना ओढला जातो आणि अवरक्त किरणांच्या शोषणावरून त्यातील कार्बन मोनॉक्साइडचे टक्केवारीतील प्रमाण मिळते. डिझेल वाहनाच्या बाबतीत इंजिन मोकळ्या अवस्थेत एकदम वेगवान केले जाते, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘रेस’ दिली जाते, आणि त्या क्षणी उसळणाऱ्या धुराची अपारदर्शकता नोंदवली जाते. ही क्रिया काही वेळा करून सरासरी काढली जाते.

ग्रॅम प्रति किलोमीटर आणि टक्केवारी या दोन मापांमध्ये थेट पूल नाही. उभ्या वाहनावर ओझे नसते. त्यामुळे ओझ्याखाली तयार होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत मोजली जात नाहीत. आरोग्यास सर्वाधिक घातक मानले जाणारे सूक्ष्म कणही वस्तुमानाच्या रूपात मोजले जात नाहीत. काळेपणावरून त्यांचा केवळ अंदाज येतो. ही चाचणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. इंजिनाची देखभाल बिघडली आहे का, हे स्वस्तात आणि काही मिनिटांत सांगणारी ती प्राथमिक तपासणी आहे. अडचण अशी की देखभालीच्या तपासणीवर पुढे संपूर्ण हवेच्या गुणवत्तेची जबाबदारी टाकण्यात आली.

जुनी गाडी ‘पास’ होते म्हणजे काय

मराठी वाहनव्यवहारात ‘पासिंग’ हा शब्द रूढ आहे. गाडी ‘पासिंगला’ नेणे म्हणजे परिवहन कार्यालयात योग्यतेची तपासणी करून घेणे. धुराची तपासणी त्याचाच एक भाग मानली जाते. या शब्दात परीक्षेची कल्पना आहे, आणि परीक्षेप्रमाणेच येथेही वर्षभराचा अभ्यास आणि आदल्या रात्रीची तयारी असा भेद पडतो.

मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी हे याचे ठळक उदाहरण ठरेल. इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची ही भारतीय आवृत्ती. सुमारे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि कार्ब्युरेटर अशी तिची रचना आहे. पेट्रोलचे पूर्ण ज्वलन होण्यास वजनाने साधारण १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल लागते. कार्ब्युरेटर हे प्रमाण यांत्रिक पद्धतीने राखतो. जेट झिजला, फ्लोट वर-खाली झाला किंवा एअर फिल्टर तुंबला की पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि अर्धवट ज्वलनामुळे कार्बन मोनॉक्साइड वाढतो. प्लग किंवा पॉइंट खराब झाला, टायमिंग हलले की न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते आणि हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्यास इंजिन ऑइल जळून निळसर धूर येतो.

यावरचे उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार खऱ्या दुरुस्तीचा : फिल्टर व प्लग बदलणे, पॉइंटमधील अंतर आणि टायमिंग जुळवणे, टॅपेट बसवणे, कार्ब्युरेटर उघडून साफ करणे, आणि गरज पडल्यास इंजिनाचे काम काढून रिंगा बदलणे. चांगल्या स्थितीतील पद्मिनी या मार्गाने ३ टक्क्यांची मर्यादा सहज पाळू शकते, कारण ती मर्यादा तिच्याच पिढीसाठी आखलेली आहे. दुसरा प्रकार तात्पुरत्या जुळवाजुळवीचा. मंद गतीचे मिश्रण नियंत्रित करणारा स्क्रू थोडा आवळला की पेट्रोल कमी होते आणि यंत्रावरील आकडा खाली येतो. गाडी मात्र चालवताना अडखळते. तपासणी झाली की स्क्रू पूर्ववत होतो. नळीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरली तरीही नमुना पातळ होऊन आकडा घटतो.

डिझेल ट्रकच्या बाबतीत हाच प्रकार इंधनपंपावर घडतो. पंपातून सुटणारे कमाल इंधन कमी केले की रेस देताना काळा धूर कमी दिसतो. परंतु भिवंडीतून माल भरून नाशिककडे निघालेल्या ट्रकला पुढे कसारा घाट चढायचा असतो. इंधन कमी केलेले इंजिन घाटात ओढत नाही. क्षमतेपेक्षा अधिक माल भरलेला असेल तर मुळीच ओढत नाही. म्हणून तपासणीनंतर पंप पुन्हा ‘खोलला’ जातो. नोझल आणि पंप यांचे कॅलिब्रेशन करून घेणे हा खरा उपाय, परंतु त्यासाठी पैसा लागतो आणि वाहन काही काळ उभे ठेवावे लागते. दर खेपेच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या एका ट्रकच्या मालकासाठी हा खाडा दुरुस्तीच्या खर्चाइतकाच जड असतो. धुराचे मूळ अनेकदा गॅरेजमध्ये नसून भाड्याच्या दरात आणि अतिरिक्त भारात असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

इंधनाच्या बदलांचाही या वाहनांवर परिणाम झाला. चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. बालकांच्या आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय अत्यंत हितकारक होता. परंतु ज्यांच्या व्हॉल्व्हच्या बैठकी शिशाच्या लेपावर टिकून होत्या, अशा जुन्या इंजिनांची झीज हा नवा प्रश्न झाला. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यानंतर कार्ब्युरेटरमधील मिश्रण आपोआप विरळ होते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा आकडा घटू शकतो. जुन्या रबरी नळ्या व वॉशर यांवर मात्र त्याचा विपरीत परिणाम होतो. आकडा सुधारणे आणि वाहन सुधारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेच यावरून दिसते.

धुराकडून वयाकडे : न्यायालयीन हस्तक्षेप

१९९० च्या दशकात महानगरांची हवा बिघडत गेली आणि प्रश्न न्यायालयात पोहोचला. एम. सी. मेहता प्रकरणात २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील जुनी व्यावसायिक वाहने टप्प्याटप्प्याने हटवण्याचे आणि सार्वजनिक वाहतूक सीएनजीवर नेण्याचे आदेश दिले. मुंबईत ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या मंचाने १९९९ मध्ये उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या याचिकेत न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचा आदेश दिला. एप्रिल २००० मध्ये समितीचा अहवाल आला. इंधनाचा दर्जा, तपासणी व देखभाल यांबरोबर ठराविक वयापलीकडील वाहने बाद करणे किंवा त्यांचे इंधन बदलणे, हा विचार त्यात पुढे आला. २००१ मधील आदेशांनी मुंबईतील जुन्या टॅक्सी-रिक्षांपुढे स्वच्छ इंधन स्वीकारणे किंवा रस्त्यावरून दूर होणे, असा पर्याय ठेवला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीच्या जाळ्यामुळे हा बदल प्रत्यक्षात शक्य झाला. असंख्य पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि धूर कमी करूनही रस्त्यावर राहिल्या. जुन्या वाहनाचे इंधन बदलून त्याला मर्यादेत आणता येते, याचा हा मोठा व्यावहारिक पुरावा होता.

तरीही पुढील धोरणाचा कल वयाकडेच राहिला. मुंबईतील टॅक्सींसाठी २००८ मध्ये २५ वर्षांची आणि २०१३ मध्ये २० वर्षांची कमाल वयोमर्यादा आली. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली. ती धुरामुळे नव्हे, तर वीस वर्षे पूर्ण झाल्यामुळे. राज्यात २०१० पासून पंधरा वर्षांवरील खासगी आणि आठ वर्षांवरील परिवहन वाहनांवर पर्यावरण कर लागू झाला. वाहन स्वच्छ चालते की नाही, याचा या कराशी संबंध नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले.

दिल्ली परिसरातील घडामोडी या संदर्भात बोधप्रद आहेत. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी अमलात आणण्यास सांगितली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. म्हणजेच निकष वयाकडून पुन्हा वाहनाच्या उत्सर्जन मानकाकडे सरकला.

धूर मोजण्याची सोय हाती असताना वय का मोजावे लागले? याचे उत्तर तपासणीवरील अविश्वासात सापडते. वयाची नोंद कागदावर असते, ती स्क्रू आवळून बदलता येत नाही आणि तिच्यासाठी यंत्राचे कॅलिब्रेशन लागत नाही. प्रशासनाच्या दृष्टीने वय हा सोयीचा निकष ठरतो. परंतु या सोयीची किंमत असते. आठ वर्षांचा दुर्लक्षित ट्रक आणि बावीस वर्षांची निगा राखलेली मोटार यांतील भेद वयाच्या निकषाला दिसत नाही. दिसलाच तर उलटा दिसतो.

प्रमाणपत्राची सक्ती

तपासणीवरील विश्वास वाढवण्याचे प्रयत्नही या काळात झाले. १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैध पीयूसी नसल्यास विम्याचे नूतनीकरण करू नये, असा आदेश दिला. तृतीय पक्ष विम्यासंबंधीची ही अट २०२४ मध्ये मागे घेण्यात आली, कारण विमा नसलेल्या वाहनाच्या अपघातात पीडितास भरपाई मिळणे कठीण होते. २०१९ च्या सुधारणेने कलम १९०(२) खालील शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी वाढवली. जून २०२१ च्या अधिसूचनेने देशभर एकसमान प्रमाणपत्र, क्यूआर कोड आणि अनुत्तीर्ण वाहनासाठी ‘नकारपत्र’ आणले. यांतील शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची वाटते. वाहन का नापास झाले, हे लेखी मिळाले तर मेस्त्रीला नेमकी दुरुस्ती करता येते आणि वाहनधारकाला दुसरीकडे फेरतपासणी करून घेता येते. दंड वाढवण्यापेक्षा ही तरतूद परिणामकारक ठरण्याची शक्यता अधिक आहे.

भिवंडीच्या संदर्भात चिकित्सा

भिवंडीच्या रस्त्यावर वेगवेगळ्या काळांची वाहने एकत्र धावताना दिसतात, याचे कारण उत्सर्जन मानकांच्या इतिहासात आहे. मानके महानगरांत आधी आणि इतरत्र नंतर लागू झाली. भारत स्टेज-४ हे मानक २०१० मध्ये निवडक शहरांत, तर देशभर १ एप्रिल २०१७ पासून आले. भारत स्टेज-६ मात्र १ एप्रिल २०२० रोजी सर्वत्र एकाच वेळी लागू झाले. मधल्या काळात देशाच्या दुसऱ्या भागात नोंदलेला, मागील मानकाचा ट्रक कायदेशीरपणेच महामार्गावरून भिवंडीच्या गोदामात येत राहिला. शहराच्या हवेत मिसळणाऱ्या धुरातील मोठा वाटा अशा प्रकारे शहरातील नोंदणी कार्यालयाच्या कक्षेबाहेरचा असू शकतो. ठाणे परिवहन कार्यालयाने आपल्या नोंदीतील वाहनांवर कितीही कडक नियंत्रण ठेवले, तरी माणकोली किंवा राजणोली नाक्यावरचा धूर केवळ त्याने आटोक्यात येणार नाही.

दुसरी बाब हद्दीची. १९९९ च्या याचिकेतील आदेशांचा केंद्रबिंदू बृहन्मुंबई होता. एका हद्दीत ज्या वाहनाची मुदत संपते, त्याची दुसऱ्या हद्दीत संपत नाही. गिरण्यांचे माग ज्या तर्काने मुंबईबाहेर गेले, तोच तर्क वाहनांनाही लागू पडतो : महानगर स्वच्छ होते तेव्हा त्याचे जुने यंत्र नाहीसे होतेच असे नाही, ते पुष्कळदा केवळ जागा बदलते.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची दखल घेऊन पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या शक्यतेचा अभ्यास करण्यास सांगितले. त्यानुसार २२ जानेवारी २०२५ रोजी राज्य शासनाने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमली. या वेळी विचाराचे क्षेत्र संपूर्ण मुंबई महानगर प्रदेश असल्याने भिवंडी प्रथमच या चर्चेच्या आत आली. हद्दीचा जुना दोष त्यामुळे काही अंशी दूर होऊ शकेल. परंतु पर्यायी वाहनासाठी कर्ज, सीएनजी व विद्युत भरणा केंद्रे आणि मेस्त्रींचे प्रशिक्षण यांची तरतूद न करता वयाची सरसकट मर्यादा आली, तर तिचा भार एक-दोन वाहनांच्या मालकांवर पडेल; मोठ्या वाहतूक कंपन्या आपले ताफे तसेही ठराविक काळाने बदलत असतात.

निष्कर्ष

१) वाहनांच्या धुरावरील नियंत्रणाचा इतिहास निषेध, मापन आणि वयोमर्यादा या तीन टप्प्यांतून गेला आहे. मापनाच्या टप्प्यात वाहनधारकाला आपली बाजू सिद्ध करण्याची जी संधी होती, ती वयोमर्यादेच्या टप्प्यात संकुचित झाली.

२) पीयूसी ही देखभालीची प्राथमिक तपासणी आहे. ती नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाही आणि सूक्ष्म कणांचे वस्तुमान सांगत नाही. तिच्याकडून हवेच्या गुणवत्तेची हमी मागणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहे.

३) जुने वाहन योग्य दुरुस्तीने त्याच्या पिढीची मर्यादा पाळू शकते. सीएनजीवर गेलेल्या पद्मिनी टॅक्सींनी हे दाखवून दिले. तात्पुरत्या जुळवाजुळवीचे मूळ अज्ञानात कमी आणि भाडे, भार व खाडा यांच्या अर्थकारणात अधिक आहे.

४) वयाचा निकष स्वीकारला गेला तो जुने वाहन नेहमीच घाणेरडे असते हे सिद्ध झाले म्हणून नव्हे, तर तपासणी विश्वासार्ह करण्यात अपयश आले म्हणून. त्या अपयशाची किंमत मात्र प्रामाणिकपणे निगा राखणाऱ्या वाहनधारकालाही मोजावी लागते.

५) भिवंडीसारख्या शहरात नोंदणीच्या ठिकाणापेक्षा प्रत्यक्ष वाहतुकीच्या ठिकाणी, म्हणजे गोदामांच्या प्रवेशद्वारी आणि महामार्गाच्या नाक्यांवर, चालत्या वाहनांच्या धुराची तपासणी अधिक उपयुक्त ठरेल. मालवाहतूक करवून घेणाऱ्या गोदामचालकांवरही त्याची काही जबाबदारी टाकता येईल.

टाकून दिलेले माग दुरुस्त करून भिवंडीने लाखो हातांना काम दिले, हा या शहराचा इतिहास आहे. त्याच मागांच्या आणि ट्रकच्या धुळी-धुरात त्या हातांनी श्वास घेतला, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. यांपैकी एकच बाजू पाहून केलेले धोरण दुसऱ्या बाजूवर अन्याय करील. धूर प्रामाणिकपणे मोजला जाणे ही दोन्ही बाजूंची समान गरज आहे.